फाटलेल्या आवाजाचा इतिहास

मराठीत आवाजाच्या वाट्याला दोन क्रियापदे आली आहेत आणि त्या दोहोंची प्रतिष्ठा सारखी नाही. एक फुटणे, दुसरे फाटणे. तान्ह्या बाळाला वाचा फुटते, वसंतात कोकिळेला कंठ फुटतो, पिढ्यान्‌पिढ्या मुका राहिलेला समाज बोलू लागला की त्याच्या दुःखाला वाचा फुटली असे आपण लिहितो. लाउडस्पीकर मात्र फाटतो. फुटण्यात आरंभ आहे, फाटण्यात नुकसान आहे. पहिल्या क्रियापदावर कविता होतात, दुसऱ्यावर तक्रारी.

झाडीपट्टीच्या नाटकाविषयी शहरातून जे काही लिहिले गेले त्यात या दुसऱ्या क्रियापदाचा वास वारंवार येतो. नाटक भडक आहे, नट ओरडतात, संगीत कर्कश आहे, ध्वनिक्षेपक कान फोडतो, असे शेरे पुण्या-मुंबईहून आणि नागपूरहूनही आले. शेरा मारणाऱ्यांचे कान खोटे बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. हा आवाज चढा आहे आणि पुष्कळदा फाटलेलाही आहे. आमचे म्हणणे एवढेच की या फाटण्याला इतिहास आहे, आणि ज्याला इतिहास आहे त्याला केवळ दोष म्हणून निकालात काढता येत नाही. तो इतिहास मांडण्यासाठी आम्हाला मराठी वाङ्मयेतिहासापासून बऱ्याच दूरच्या मुलखात, म्हणजे विजेवर वाजणाऱ्या गिटारच्या गोतावळ्यात, थोडा वेळ हिंडावे लागणार आहे. वाचकांनी तेवढी कळ सोसावी.

काचेच्या नळीतली बांधी

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने निर्वात काचेच्या नळीत तापलेली तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये एक बारीक जाळी बसवली. तारेकडून पट्टीकडे वाहणारा प्रवाह या जाळीवरच्या अगदी क्षीण स्पंदनानेही कमी-अधिक होऊ लागला. लहानशा इशाऱ्याने मोठा प्रवाह हलवावा, हेच ध्वनिवर्धनाचे मर्म. आपल्याकडे या नळीला सर्रास व्हॉल्व्ह म्हणतात. रेडिओ, बोलपटगृहे, सभा-संमेलने आणि गिटार, या सर्वांचा आवाज पुढची पन्नासेक वर्षे याच नळीतून गेला.

या नळीलाही मर्यादा असते. झाडीपट्टीच्या वाचकाला ती समजावण्यासाठी धानाची बांधी पुरेशी आहे. बांधीत पाणी धुऱ्याच्या उंचीइतकेच थांबते, त्याहून अधिक सोडले तर ते धुऱ्यावरून सांडते. व्हॉल्व्हला त्याच्या ऐपतीपेक्षा मोठी लहर दिली की त्या लहरीचा माथा असाच धुऱ्याशी अडतो आणि सपाट होतो. माथा सपाट झाला की मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतली अनेक नवी कंपने जन्माला येतात. ही कंपने कानाला खरखर, धार किंवा गरगरीत भरीवपणा म्हणून जाणवतात. व्हॉल्व्हचा धुरा मातीचा म्हणावा असा असतो. पाणी काठाशी आले की ते आधी झिरपू लागते, मग ओघळते, मग वाहते. म्हणून व्हॉल्व्हमधला आवाज बेताबेताने फाटतो. साध्या ट्रान्झिस्टर यंत्राचा धुरा बहुधा सिमेंटचा असतो. तिथे पाणी शेवटच्या बोटापर्यंत निमूट राहते आणि मग एकदम उसळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती कामाला येणार आहे. माथे कापले गेले की मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर घटते. मोठे फार मोठे राहत नाहीत आणि लहान त्या मानाने वर येतात. आवाजातले चढउतार असे दाबले जाऊन त्याला एक सलग पोत येतो.

बिघाडाची झालेली कला

व्हॉल्व्ह अशा रीतीने फाटू नये यासाठी अभियंत्यांनी पहिली कित्येक वर्षे खटपट केली. गिटारवाल्यांनी ती उलटी फिरवली. १९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गिटारवादक विली किझार्ट याचा अ‍ॅम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली गेली आणि तो गुरगुरता आवाज तसाच तबकडीवर राहिला. १९५८ मध्ये लिंक रे या वादकाने ‘रम्बल’ या रचनेसाठी स्पीकरच्या पडद्याला मुद्दाम भोके पाडली. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथील एका ध्वनिमुद्रणात यंत्राची एक वाहिनी सदोष निघाली आणि ग्रेडी मार्टिन याचे वादन भुंग्यासारखे घोगरे उमटले. तो भाग पुसून टाकण्याऐवजी ठेवला गेला, लोकांना आवडला, आणि पुढच्याच वर्षी तोच आवाज हुकमी काढणारी एक पेटी बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रजी वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ही पेटी वाजली आणि जगभर पोचली. बिघाडाचे पेटंट घेऊन दुकानात विक्रीला ठेवावे, हा विसाव्या शतकातील कलेतिहासाचा एक मासलेवाईक प्रसंग आहे.

पायाने दाबायची ओव्हरड्राइव्ह पेडल ही या मालिकेतली पुढची पायरी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कंपन्यांनी ती आणली. त्यांतली १९७९ च्या सुमाराची ‘ट्यूब स्क्रीमर’ सर्वांत नामांकित ठरली. नावाचा अर्थ सरळ आहे: नळीला किंचाळायला लावणारी. जाणते वादक ही पेडल कशी वापरतात ते पाहण्याजोगे आहे. पेडलमधली स्वतःची खरखर ते अगदी कमी ठेवतात आणि तिची पातळी मात्र बरीच चढवतात. मग पेडल गिटारचा जड खालचा भाग थोडा छाटते, मधले स्वर पुढे काढते आणि हा आवळलेला, चढवलेला संदेश व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या नळीवर आदळवते. आवाज पेडलमध्ये फारसा फाटत नाही, तो पुढे नळीत फाटतो. पेडल केवळ धक्का देते. खालचे स्वर आधी छाटलेले असल्यामुळे फाटूनही आवाज गढूळ होत नाही आणि ढोल-ताशांच्या गदारोळात गिटारची ओळ वेगळी ऐकू येते.

जवारीचे शास्त्र

हे सारे परके वाटत असेल तर मिरजेकडे वळावे. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित फुगीर घोडीवर तार टेकते, त्या जागी सुताचा एक दोरा सरकवून जिवा साधली की स्वर उघडतो. तार घोडीला स्पर्शत, सुटत, पुन्हा स्पर्शत थरथरते आणि मूळ षड्जातून वरच्या स्वरांचा पिसारा निघतो. यालाच जवारी म्हणतात. ती काढणे हे मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे पिढीजात कौशल्य आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या टिपणात या घोडीचे नवल नोंदवले आहे. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर नियमानुसार उमटूच नये, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो उपस्वर ऐकू येतो. कारण तार मोकळी हलत नाही, घोडी तिला अडवते. अडवल्यामुळेच ती अधिक बोलते.

तेव्हा शुद्ध स्वराला अडथळा आणून त्याला भरीव करणे ही युक्ती आपल्या संगीताला नवी नाही. फरक एवढाच की तंबोऱ्यातल्या अडथळ्याला आपण जवारी हे देखणे नाव दिले, कर्ण्यातल्या अडथळ्याला दिले नाही. नाव नसल्यामुळे त्याचा विचारही झाला नाही.

माईक येण्याआधीचा गळा

आता झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली, हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागते, गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक. दंडार, खडी गंमत, डहाका अशा लोकप्रकारांची जमीन आधीपासून तयार होती. तिच्यावर संगीत नाटकाचे बी पडले आणि झाडीपट्टीची म्हणून ओळखली जाणारी रंगभूमी उगवली. वैनगंगेच्या काठचे वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे तिचे ठाणे. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे स्थानक. पूर्वी इथे नॅरोगेजची गाडी येई, १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. नाटक कंपन्यांची कार्यालये इथे थाटली, हंगामाच्या तारखा इथे ठरू लागल्या, आणि गावाला चेष्टेने व अभिमानाने झाडीवूड म्हणू लागले. २०२२ साली ‘झॉलीवूड’ नावाचा मराठी चित्रपटच या जगावर आला. २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीची दखल दिल्लीपर्यंत घेतली गेली.

या रंगभूमीचा वारसा ज्या संगीत नाटकाकडून आला त्याला माईक ठाऊक नव्हता. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हा विजेचे ध्वनिवर्धन जगात कुठेच नव्हते. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा व्हॉल्व्हचा शोध लागला होता, पण मराठी नाट्यगृहापर्यंत तो पोचला नव्हता. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत शब्द न्यायचा तो गळ्याच्या जोरावर. गळ्याचा जोर म्हणजे केवळ मोठ्याने बोलणे नव्हे. आवाज थोडा चढ्या पट्टीत न्यायचा, मुखाच्या पुढल्या भागात आणि नाकाच्या पोकळीत घुमवायचा, व्यंजने ठोसर करायची, वाक्याच्या शेवटाला आवाज पडू द्यायचा नाही. मानवी कान तीन हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तिखट असतो, आणि फेकीचा कसलेला आवाज आपली शक्ती नेमकी त्या पट्ट्यात गोळा करतो. त्या काळच्या नटांना आकडे माहीत नव्हते, परिणाम माहीत होता.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. बोलपटांनी शहरातल्या नाटक मंडळ्यांचा बाजार उठवला. पुढे शहरी मराठी नाटक दिवाणखान्यात शिरले आणि त्याच्याबरोबर संवादही दिवाणखान्याच्या आवाजात उतरला. झाडीपट्टीत दिवाणखाना नव्हता. तिथे उघडे शेत होते, हिवाळ्याची रात्र होती, पंचक्रोशीतून बैलबंड्यांनी आलेला प्रेक्षक होता. संगीत नाटकाचा फेकीचा गळा इथे टिकून राहिला, कारण त्याची गरज टिकून होती.

कर्णा

याच गळ्यासमोर पुढे माईक आला. हिंदुस्थानात लाउडस्पीकर लोकांच्या कानी पडला तो प्रामुख्याने राजकारणातून. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या सभांतून मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ची यंत्रे दिसू लागतात. गांधी-नेहरूंच्या अनेक छायाचित्रांत माईकवरची ती पाटी आजही वाचता येते. १९४० मध्ये दिल्लीत अहुजा कंपनी निघाली, आणि पुढील काळात भाड्याने ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्या दुकानदारांच्या तोंडी तिचे नाव जवळजवळ सामान्यनाम झाले. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच व्हॉल्व्ह बनवायला आरंभ केला. विदर्भात मंडप, सतरंज्या आणि भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. लग्नाच्या बिछायतीबरोबर भोंगा आणि मशीन जाऊ लागले, आणि जिथे बिछायत गेली तिथे लाउडस्पीकर गेला.

इथे एक तांत्रिक योगायोग आहे. सार्वजनिक ध्वनिक्षेपकांच्या यंत्रांत जगभर ज्या ताकदीच्या नळ्या वापरल्या जात, त्यांतलीच एक ईएल-३४ ही. लंडनच्या जिम मार्शल याने १९६० च्या दशकात गिटारसाठी जे अ‍ॅम्प्लिफायर बनवले, त्यांच्या गर्जनेचे श्रेय पुढे याच नळीला दिले गेले. म्हणजे रॉक संगीताची गर्जना आणि मंडपातल्या भोंग्याची घोषणा या एकाच घराण्यातल्या. रॉकवाल्यांनी नळी मुद्दाम सांडवली, बिछायतवाल्यांची ती नाइलाजाने सांडली. मशीन लहान, मैदान मोठे, प्रेक्षक अपेक्षेपेक्षा जास्त, वीज बेभरवशाची. अशा वेळी बटण शेवटपर्यंत फिरवण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

भोंग्याचे गुणधर्मही लक्षात घ्यावेत. पत्र्याच्या या कर्ण्यातून खालचे स्वर बाहेर पडतच नाहीत. मधले आणि वरचे स्वर मात्र तो फार कमी शक्तीत फार दूर फेकतो. तबल्याचा डग्गा त्यात हरवतो, चाट टिकते. पुरुषी खर्ज हरवतो, व्यंजनाची धार टिकते. घरी ऐकण्यासाठी हे यंत्र निकामी आहे. दोन शेतांपलीकडे शब्द पोचवण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त आणि दणकट साधन दुसरे झाले नाही.

गळा हेच पेडल

आता या तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात: फेकीचा गळा, ऐपतीपेक्षा जास्त ताणलेले मशीन, आणि पत्र्याचा कर्णा. ग्रामीण रंगमंचावर माईक पुष्कळदा वरून टांगलेला असतो आणि नट संवादासाठी त्याच्याखाली येतो. तो तोंडाजवळ धरता येत नाही, म्हणून अंतर भरून काढायला आवाज फेकावाच लागतो. हा फेकलेला आवाज यंत्रात शिरण्याआधीच खालून हलका आणि मध्ये भरलेला असतो, आणि त्याची पातळी चढलेली असते. तो पहिल्या नळीवर आदळतो आणि नळी सांडते. ओव्हरड्राइव्ह पेडल जे काम गिटारच्या तारेसाठी करते, खालचे छाटायचे, मधले उचलायचे आणि नळीला धक्का द्यायचा, ते काम झाडीपट्टीचा नट आपल्या गळ्याने करत होता. त्याचा गळा हेच त्याचे पेडल होते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. गिटारला शब्द नसतात, नाटकाला असतात. फाटलेल्या आवाजात शब्द कळणार कसे? या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या गोंगाटात वैमानिकांना एकमेकांचे बोलणे कळावे यासाठी हार्वर्ड विद्यापीठात प्रयोग झाले. पुढे संगणक-जाळ्याच्या आद्य कल्पकांत गणले गेलेले जे. सी. आर. लिकलायडर त्यांत होते. त्यांच्या १९४६ आणि १९४८ च्या निबंधांतून दिसले ते असे: बोलण्याच्या लहरींचे माथे निर्दयपणे, अगदी शेवटपर्यंत छाटले तरी बरेचसे शब्द कळतात. ऐकायला आवाज कुरूप होतो, पण अर्थ जगतो. आणि छाटण्याआधी खालचे स्वर कमी करून वरचे चढवले तर समजण्याचे प्रमाण आणखी बरेच वाढते. कारण भाषेचा अर्थ मोठमोठ्या स्वरांपेक्षा दुबळ्या व्यंजनांवर अधिक तोललेला असतो, आणि माथे छाटले की तीच दुबळी व्यंजने वर येतात.

हे वाचताना आम्हाला फेकीच्या गळ्याची आठवण होणे अपरिहार्य होते. आधी खालचे हलके करा, मग सांडू द्या, हे सूत्र प्रयोगशाळेने आकड्यांत मांडले, पेडलवाल्यांनी तारांत गुंफले आणि रंगमंचावरच्या नटाने अनुभवातून साधले. कोणी कोणाकडून शिकले नाही. गोंगाटातून अर्थ पलीकडे न्यायचा असेल तर वाट एकच असावी.

नाइलाज की शैली

तरीही शंका उरते. गिटारवाल्याने निवड केली, बिछायतवाल्याने केली नाही. नाइलाजाला शैली म्हणणे हा भाबडेपणा नव्हे काय? आम्हाला वाटते, याची कसोटी एकच आहे. नाइलाज संपल्यावर काय उरते ते पाहावे. ट्रान्झिस्टरची यंत्रे आली, मग मोठ्या पेट्यांचे स्पीकर, विद्युत् कळफलक, ऑक्टोपॅड, डिजिटल मिक्सर. आज फुसफुसलेला शब्दही शेवटच्या प्रेक्षकापर्यंत नेता येतो. मग नटाने गळा खाली आणला काय? सरसकट नाही. खलनायकाचा प्रवेश, बाप-लेकाचा निर्णायक वाद, दुसऱ्या अंकाअखेरचा स्फोट, या जागी आवाज अजूनही फेकला जातो आणि यंत्रात थोडा फाटू दिला जातो. करुण प्रवेशात मात्र तोच नट माईकच्या जवळ सरकतो आणि आवाज मऊ करतो. म्हणजे फाटणे आता सर्वत्र पसरलेले नाही, ते नेमक्या जागी ठेवले जाते. गिटारवादक ज्या जागी पायाखालची कळ दाबतो, त्या जागी. ज्या गोष्टीची निवड करता येते आणि जी जागा पाहून वापरली जाते, तिला शैली म्हणण्यास आम्हाला संकोच वाटत नाही.

मग प्रश्न अभिरुचीचा उरतो. फाटलेला आवाज गिटारमधून आला की तो बंडखोर ठरतो, त्यावर ग्रंथ निघतात, जुन्या यंत्रांना लिलावात किंमत येते. तोच आवाज वडशाच्या मंडपातून आला की तो मागासलेला ठरतो. दोन्ही ठिकाणी नळी तीच आहे. बदलतो तो तिकीट काढणारा माणूस. आम्ही मराठी विषय शिकवतो, म्हणून आमच्या शास्त्राविषयीही बोलणे भाग आहे. मराठी नाट्यसमीक्षा संहिता वाचते. संहितेत आवाज नसतो, त्यामुळे जे नाटक संहितेपेक्षा आवाजात अधिक जगते त्याच्यासाठी तिच्याकडे शब्दच नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला आणि दंडारीला अभ्यासाचा विषय केले तेव्हा कुठे या मुलखाची भाषा ग्रंथात आली. या मुलखाचा ध्वनी अजून यायचा आहे.

रात्रीचे दहा

हा केवळ विद्वज्जनांचा वाद असता तर आम्ही इथेच थांबलो असतो. पण आवाजाचा प्रश्न कायद्याच्या दारातही उभा आहे. केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत लाउडस्पीकरला मनाई आहे. सूट आहे ती बंदिस्त जागांना: सभागृह, परिषदगृह, समाजमंदिर, मेजवानीगृह. २००२ च्या दुरुस्तीने राज्य शासनाला सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले.

या नियमांमागची वेदना खरी आहे. आजारी माणूस, परीक्षेला बसलेले मूल, रात्रपाळीहून आलेला कामगार यांच्या झोपेचा हक्क कोणत्याही कलेपेक्षा कमी नाही. मुंबईत धोबीतलावच्या उघड्या रंगभवनात मराठी कार्यक्रमही होत आणि १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा गिटारवाल्यांचा मेळाही भरे. महाविद्यालय व रुग्णालये जवळ असल्याने ते शांतता क्षेत्रात मोडले आणि २००३ च्या सुमारास त्याचा आवाज बंद झाला. गिटार आणि रंगभूमी एकाच नियमाने एकाच मंचावरून उतरावी, हा योगायोगही बोलका आहे.

पण नियमाच्या अक्षरात एक गृहीत दडले आहे: नाटक म्हणजे चार भिंती. ज्याच्याकडे भिंती आहेत त्याची कला रात्री दहानंतरही कला राहते. ज्याच्याकडे भिंती नाहीत त्याची कला दहा वाजता प्रदूषण होते. झाडीपट्टीचे नाटक सुरूच होते ते जेवणखाण आटोपून, रात्री उशिरा, आणि उजाडेपर्यंत चालते. ते रात्रभर चालते यालाही कारण आहे. लांबच्या गावांहून आलेल्या प्रेक्षकाला जंगलातल्या वाटेने मध्यरात्री परतणे सोयीचे नाही, पहाटे परतणे सोयीचे आहे. आणि ज्या गावात नाटक असते त्या गावात त्या रात्री झोपायला फारसे कोणी घरी नसते. नाटक हाच गावाचा पाहुणचार असतो. मुंबईच्या रुग्णालयाशेजारचे मैदान आणि कुरखेड्याकडचे कापणी झालेले शेत यांना एकच घड्याळ लावणे हे न्यायाचे नसून सोयीचे आहे.

उपाय अशक्य नाहीत. कर्णे गावाकडे तोंड करून उंचावर टांगण्याऐवजी प्रेक्षकांकडे वळवून खाली लावता येतात. एका मोठ्या भोंग्याऐवजी अनेक लहान स्पीकर प्रेक्षकांत पसरले तर शेवटच्या माणसापर्यंत शब्द जातो आणि शिवाराबाहेर कमी सांडतो. आवाजाची पातळी मोजणारे साधे उपकरण आज कोणत्याही साऊंडवाल्याच्या ऐपतीत आहे. हंगामी, उघड्या, रात्रभराच्या रंगभूमीला तिची म्हणून वेगळी परवाना-पद्धत असावी आणि ती आवाजाच्या मोजमापावर बेतावी, घड्याळावर नव्हे, एवढी मागणी या रंगभूमीच्या वतीने करता येण्याजोगी आहे. मात्र ती करायची तर आधी आपल्याला हा आवाज काय आहे, कुठून आला आणि कशासाठी आहे, हे सांगता आले पाहिजे. ‘आमची परंपरा आहे’ एवढे म्हणून भागणार नाही.

त्यासाठी पुरावा लागेल, आणि पुरावा झपाट्याने भंगारात चालला आहे. व्हॉल्व्हची मशिने तांब्याच्या आणि लोखंडाच्या भावाने विकली गेली. जुन्या प्रयोगांच्या कॅसेटी दमटपणाने चिकटल्या. कोणत्या गावात वीज येण्याआधी बॅटरीवर प्रयोग झाले, टांगलेला माईक कुठे बांधायचा हे कोण ठरवी, व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला तेव्हा नटांनी गळा कसा बदलला, हे सांगू शकणारी साऊंडवाल्यांची आणि नटांची पिढी आता वृद्ध झाली आहे. २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठी विभागाच्या विद्यार्थ्याने एका हंगामात दहा बिछायतवाल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि एखादे जुने मशीन दुरुस्त करून त्यासमोर एका कसलेल्या नटाला उभे केले, तरी मराठी नाट्येतिहासात आजवर नसलेले एक प्रकरण लिहिता येईल. त्या प्रकरणात ‘फाटणे’ हे क्रियापद कोणत्या अर्थाने वापरायचे, याचा निर्णय मग ऐकून करता येईल.